अलालाचा हात

सफाक्स, ३ फेब्रुवारी १९८७

शाझली भावजींना मबरूकाचा सलाम.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटणार नाही. चौदा वर्षांत मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, तुम्हीही नाही. तुमचे भाऊ अलाला गेले तेव्हा तुमची तार आली होती. ती मिळाली एवढंही मी कळवलं नाही. त्याला आता एक वर्ष आणि दोन महिने झाले.

काम आहे म्हणून लिहिते. वर्कशॉप मी विकलेलं नाही. मुसा नावाचा एक टर्नर ठेवलाय, तो लेथ चालवतो. जानेवारीत करकेन्ना बेटावरचे तांडेल, रईस हमदा, यांच्या बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट केला. पंधरवड्यात ते परत आले. शाफ्ट थरथरतो, बेअरिंग खातो. मी तुमच्या भावाच्या खुर्चीत बसले होते. रईस दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. अलालाचा हात गेला, आता इथे काय उरलं?" तेव्हापासून बंदरावर सगळे तेच म्हणतात.

मुसा म्हणतो, दोष हाताचा नाही, लेथवर काम पकडणाऱ्या चकचा आहे. एक बाजू कातून शाफ्ट उलटा धरला की दोन्ही बाजू एका रेषेत येत नाहीत. नवा चक घ्यावा लागेल. वरच्या रस्त्यावरच्या हत्यारांच्या दुकानात दोन आहेत, एक चकचकीत आणि एक काळपट. कोणता चांगला ते कसं ओळखायचं? तुम्ही तिथे परदेशी कारखान्यात फोरमन आहात, असं सासूबाई शेवटपर्यंत सगळ्या गल्लीला सांगायच्या. तुम्हाला विचारायचं नाही तर कोणाला?

प्रकृतीला जपा.

मबरूका


ग्रेनोबल, १९ फेब्रुवारी १९८७

मबरूका वहिनींना सलाम.

पत्र मिळालं. मुसाला सांगा, आधी चक विकत घेऊ नकोस, आधी चोर पकड. लेथवरचा चक उतरवायचा. चक ज्यावर बसतो ते स्पिंडलचं नाक पुसून त्यावर डायल, म्हणजे काट्याचं मापयंत्र, लावायचा आणि हाताने सावकाश फिरवायचं. काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून जास्त हलला तर चक बदलून उपयोग नाही, दुखणं स्पिंडलचं आहे.

काटा स्थिर राहिला तर चक पुन्हा चढवा. सरळ घासलेली सळई धरा. तिच्यावर डायल लावा, एकदा जबड्यांच्या तोंडाशी आणि एकदा वीतभर पुढे. मग शेवटची परीक्षा. सिगारेटच्या कागदाच्या पट्ट्या प्रत्येक जबड्याखाली घाला, काही तोंडाशी, काही आत. चकची चावी आवळा आणि पट्ट्या ओढा. तोंडाशी असलेल्या सुटून आल्या आणि आतल्या अडकल्या, तर जबडे झिजून फाकलेत. असा चक सळईला मागून धरतो आणि पुढून सोडून देतो.

दुकानातला माल बघताना चकाकीकडे बघू नये. तोंड बघायला आरसा घेत नाही आपण. जबड्यांवर १, २, ३ असे आकडे असतात आणि चकच्या अंगावरचा नंबर जबड्यांवरही असतो. ते जुळतात का, ते पाहावं. बीडाचा नको, घडीव पोलादाचा हवा. चावीने जबडे पूर्ण उघडून पूर्ण मिटावेत. वाटेत कुठेही अडखळता कामा नये.

मुसाकडून हे करवून घ्या आणि आकडे मला कळवा. इथे थंडी आहे. बाकी ठीक.

शाझली


सफाक्स, ८ मार्च १९८७

शाझली भावजींना सलाम.

आकडे हे घ्या. स्पिंडलच्या नाकावर काटा जेमतेम हलला, शंभरावा भागही नाही. चक चढवून सळई धरली तर तोंडाशी बारा शतांश, वीतभर पुढे तीस. कागदाच्या पट्ट्या पुढून तिन्ही सुटून आल्या, आतल्या फाटल्या पण हलल्या नाहीत. स्पिंडल निरोगी आहे हे कळलं तेव्हा एवढं बरं वाटलं की त्या दिवशी मासा आणून कुसकुस केला. एकटीसाठी कुसकुस करायचा म्हणजे दोन दिवस तेच खावं लागतं. खाल्लं.

मग डायल आणि सळई पिशवीत घालून दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "बाई, पातेलं घेताना वाजवून बघतात. चक नाही वाजवत."

मी म्हटलं, "वाजवत नाही. फिरवते."

"आधी घरच्या माणसाला विचारून या."

"घरचं माणूस कबरस्तानात आहे. तुम्ही चावी देता का?"

मग दिली. चकचकीत चकचे जबडे निम्म्यावर आले आणि अडले. पुढे गेले तेव्हा मनगटाला झटका बसला. आत कुठेतरी कचरा होता, किंवा आटेच धड कापलेले नव्हते. आकडेही जुळत नव्हते. दोन जबडे एका चकचे, तिसरा दुसऱ्याच कुठल्या तरी. काळपट चक मऊ चालला, पण तो बीडाचा आहे आणि एका जबड्याच्या खाचेपाशी केसासारखी रेघ दिसली. नखाने चाचपली, नख अडकलं. तडा होता. दुकानदार म्हणाला, "ती ओतकामाची खूण असते." मी चक ठेवला आणि घरी आले.

म्हणजे दोन्ही नको, बरोबर ना? मग काय करू?

मबरूका


ग्रेनोबल, २४ मार्च १९८७

वहिनी,

दोन्ही नको. तडा गेलेला चक फिरता फिरता फुटला तर तुकडा समोरच्याच्या अंगावर येतो. दुकानदाराला तोही विकून टाकायचा होता, हे लक्षात ठेवा.

आता एक विचारतो, रागावू नका. मुसा कोण?

मनगटाला झटका बसला असं तुम्ही लिहिलंय. नख अडकलं असंही लिहिलंय. डायलचा काटा जेमतेम हलला, हे तुम्ही त्याच्याकडून ऐकून लिहिलेलं नाही. ऐकून लिहिणारा माणूस फक्त आकडा लिहितो. शिवाय दुकानात मुसा का गेला नाही? टर्नर घरी बसतो आणि मालकीण चक बघायला जाते, असं वर्कशॉप मी अजून पाहिलेलं नाही.

खरं कळलं तरच पुढचं सांगता येईल. नवशिक्याला वेगळं सांगावं लागतं आणि जाणत्याला वेगळं.

शाझली


सफाक्स, १५ एप्रिल १९८७

भावजी,

तीन आठवडे हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे.

मुसा नावाचं कोणी नाही, गिऱ्हाइकांनाही मी तेच नाव सांगते. लेथ मी चालवते. आजपासून नाही, पाच वर्षं झाली.

तुमच्या भावाचे हात थरथर कापायला लागले. आधी चहाचा पेला, मग चावी, मग मायक्रोमीटर. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. त्यांनी कोणाला सांगू दिलं नाही. एका दुपारी शटर अर्धं खाली ओढलं आणि मला म्हणाले, "इथे उभी राहा. मी सांगतो तसं कर." मी म्हटलं, "मला येणार नाही." ते म्हणाले, "पीठ मळताना पाणी किती घालायचं हे तुला कोण सांगतं?"

पहिले सहा महिने मी नुसता कीस पाडला. नंतर जमलं. गिऱ्हाईक आलं की मी आतल्या खोलीत जायची आणि ते लेथपाशी उभे राहायचे, हात मागे बांधून, कापताना दिसू नयेत म्हणून. रईस हमदांचे मागचे तीन शाफ्ट माझे आहेत. बंदरावर ज्या कामाला 'अलालाचं काम' म्हणून वाखाणतात, त्यातलं त्यांच्या शेवटच्या तीन वर्षांतलं सगळं माझं आहे. आणि आता रईस मला येऊन सांगतात, अलालाचा हात गेला.

मी काय बोलणार? खरं सांगितलं तर ज्यांनी मरेपर्यंत झाकलं त्यांचं मीच उघडं पाडलं असं होईल. नाही सांगितलं तर मी बाईमाणूस, नवऱ्याच्या खुर्चीत बसलेली. शटर आता पूर्ण वर असतं, पण आत कोणी येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती तुमची आहे, माझ्याकडे ठेवण्याचा मला हक्क नाही. तुम्ही गेलात त्या आठवड्यात यांनी गिऱ्हाइकासमोर तुमचा शाफ्ट जमिनीवर टाकला होता. म्हणाले होते, "या हाताला लेथ नको, फावडं द्या." तुम्ही गेल्यावर वर्षभराने त्यांच्या स्वतःच्या दोन शाफ्टांत तोच दोष निघाला. तेव्हा त्यांनी चक तपासला. जबडे तेव्हाही फाकलेले होते. त्यांनी ते घासून सरळ केले आणि तो चक पुढे इतकी वर्षं चालला. तुमच्या हातात काही चूक नव्हती. हे त्यांनी मला आजारपणात सांगितलं. मी म्हटलं, शाझलीला लिहा. म्हणाले, हात कापतो. मी म्हटलं, मी लिहिते. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

मबरूका


ग्रेनोबल, १२ जून १९८७

वहिनी,

चक घेतला आहे. दोनशे मिलिमीटर, तीन जबड्यांचा, घडीव पोलादाचा, जबड्यांचे दोन संच. बलहसन इथे बस चालवतो, आपल्याच सफाक्सचा. जुलैत तो गाडीने घरी येतोय, त्याच्याकडे देतो आहे. पेटी जड आहे, एकट्याने उचलू नका.

चक आणि स्पिंडलच्या मधली पाठीची तबकडी पाठवत नाही, कारण ती इथून पाठवता येत नाही. तुमच्याकडच्या ओतकामवाल्याकडून बीडाची कोरी तबकडी ओतून घ्या. तिला आतून आटे पाडा, तुमच्याच स्पिंडलवर घट्ट बसतील असे. मग ती चढवून तिथेच तिचा चेहरा कातायचा आणि चक बसायची पायरी काढायची. पायरी चकच्या खोबणीत हाताने दाबून बसली पाहिजे, हातोडीने नाही. जगातला सगळ्यात चांगला चक आणला आणि तबकडी दुसऱ्या लेथवर कातली, तर तो जुन्यासारखाच डुलेल. हे काम तुमच्यासाठी दुसरं कोणी करू शकत नाही.

पत्रातल्या बाकीच्या गोष्टींबद्दल लिहायला बसलो होतो. जमलं नाही.

शाझली


सफाक्स, २ ऑगस्ट १९८७

भावजी,

चक पोहोचला. आधी कामाचं सांगते.

पहिली तबकडी वाया गेली. आटे थोडे सैल झाले. चढवली आणि हाताने हलवली तर हलली. मी ती दाराबाहेर ठेवून दिली. शेजारच्या जाळी विणणाऱ्याने विचारलं, "हे काय?" म्हटलं, "माझी चूक आहे." दुसरीला चार दिवस लागले. पायरी कातताना एकेका केसाने जात होते. चक दाबला तेव्हा हवा बाहेर पडल्याचा आवाज आला, आणि बसला. सळई धरून डायल लावला. तोंडाशी तीन शतांश, वीतभर पुढे चार. मी तीनदा पाहिलं.

रईस हमदांना निरोप धाडला, शाफ्ट पुन्हा करून देते, पटला तरच न्या. आले. जुना शाफ्ट मापाला ठेवून गेले, मी नवा कातला. त्यांनी बोटीत बसवला, फिरवून आणला आणि दुसऱ्या दिवशी वाळवलेले ऑक्टोपस घेऊन आले. दारात उभे राहून हसले. म्हणाले, "आता कसं! अलालाचा हात परत आला."

मी कितीतरी दिवस मनात जुळवत होते, असं झालं तर काय बोलायचं. त्यातलं काहीच बोलले नाही. एवढंच म्हटलं, "रईस, अलाला शेवटची साडेतीन वर्षं चावी धरू शकत नव्हते. तुमचे मागचे तीन मी केले. हा चौथा. जानेवारीतला बिघडलेलाही मीच केला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, लेथकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो लेथपाशी उभा असायचा."

"उभे असायचे."

"माझ्याशी बोलायचा. सांगायचा, हा तुमचा शाफ्ट मी कसा केला ते."

ऑक्टोपस बाकावर ठेवून ते निघून गेले. त्याला आता सोळा दिवस झाले. कोणी आलेलं नाही. सकाळी मी लेथ चालू करते आणि रिकामा फिरू देते, आवाज बाहेर गेला पाहिजे म्हणून. मग वीज फुकट जाते म्हणून बंद करते. मी यांना दुसऱ्यांदा पुरलं की काय, असं वाटतं. सांगितलं याचा पश्चात्ताप नाही. पण बरोबर कोणी नाही.

आता दुसरं. बलहसन पेटी ठेवत होता तेव्हा मी त्याला म्हटलं, "फोरमन साहेबांना सलाम सांगा." तो म्हणाला, "कोण फोरमन? शाझली? तो तर पॅकिंगमध्ये पेट्या ठोकतो." मग माझा चेहरा पाहून विषय बदलला.

पेट्या ठोकण्यात कमीपणा नाही. पण मी माझं सगळं तुमच्यापुढे ठेवलं होतं भावजी. तुम्ही मला आटे कसे पाडायचे ते लिहिलंत.

मबरूका


ग्रेनोबल, २० ऑगस्ट १९८७

वहिनी,

बलहसन खरं बोलला.

चौदा वर्षांत मी एकदाही लेथ चालवला नाही. इथे आलो तेव्हा विचारलं, काय येतं? म्हटलं, काही नाही. या हाताला फावडं द्या असं मोठ्या भावाने सांगितल्यावर दुसऱ्यांना काय सांगणार? कारखाना चकचाच आहे. तयार झालेले चक माझ्यापाशी येतात. मी त्यांना तेल लावतो, मेणकागदात गुंडाळतो, पेटीत ठेवतो आणि खिळे ठोकतो. पहिल्या वर्षी आईला लिहिलं, बढती मिळाली. ती इतकी खूश झाली की पुढच्या पत्रात फोरमन झालो. नंतर उतरता येईना. म्हणून गावी आलो नाही. तिच्या मयतीलाही नाही, भावाच्याही नाही. कोणीतरी कारखान्याबद्दल विचारलं असतं.

मी तुम्हाला जे सांगितलं ते कार्मेलाबाईंकडून शिकलो. माझ्या बाकाशेजारी त्या चक तपासतात. अठ्ठावीस वर्षं हेच करताहेत, इटलीच्या आहेत. कागदाच्या पट्ट्या त्यांच्याच. तुमचं एप्रिलचं पत्र आल्यावर मी त्यांना म्हटलं, मला एक चक विकत घ्यायचा आहे, पण साधा पास झालेला नको. त्या म्हणाल्या, "मग थांबावं लागेल." सहा आठवडे थांबलो. रोज तीस-चाळीस चक त्यांच्या हाताखालून जायचे आणि मी काटा बघत उभा राहायचो. एका मंगळवारी त्यांनी मला बोटाने खुणावलं. काटा हलला की नाही, हे आम्हा दोघांना चष्मा पुसून पाहावं लागलं. तो तुमचा. त्या दिवशी मी बाकीच्या पेट्या कशा बांधल्या मला आठवत नाही.

पत्रातल्या 'तुमच्या हातात काही चूक नव्हती' या ओळीबद्दल. ती वाचली तेव्हा मी कामगारांच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात होतो. माझ्याबरोबर आलेल्यांपैकी आता तिथे कोणी राहत नाही. काही परत गेले, काहींनी बायका-मुलं आणली. मी ते पत्र कोणाला दाखवणार? पातेल्याखालचा गॅस बंद केला आणि बसून राहिलो. राग आला पाहिजे होता. चौदा वर्षं गेली, राग यायलाच हवा होता. पण हात मागे बांधून लेथपाशी उभा असलेला माझा भाऊच सारखा दिसत राहिला. मीही इथे तसाच उभा आहे.

जुलैत सुट्टी होती. मार्सेलला गेलो, बोटीच्या तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो. पुढे दोनच माणसं उरली तेव्हा बाहेर आलो. बलहसनला यातलं काही माहीत नाही. आता सप्टेंबरच्या शेवटी आठ दिवस मिळतील असं म्हणतात. पण काय तोंडाने येऊ?

तुम्ही रईसना दारात सांगितलंत. मला ते जमलं नसतं.

शाझली


सफाक्स, ९ सप्टेंबर १९८७

शाझली भावजी,

तुमच्या पत्राला लगेच उत्तर देणार होते, पण वेळ झाला नाही. कारण सांगते.

गेल्या गुरुवारी दारात हातगाडी थांबली. रईस हमदा आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघं एक शाफ्ट धरून आत आले आणि बाकावर ठेवला. भावाच्या बोटीचा आहे. रईस वळून भिंतीवरच्या पान्यांकडे बघत म्हणाले, "मागच्यासारखा झाला पाहिजे."

मी म्हटलं, "कोणासारखा?"

"मागच्यासारखा म्हटलं ना."

"मागचा कोणी केला, रईस?"

त्यांचा भाऊ हसला. रईस नाही हसले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "अलाला माझा तीस वर्षांचा दोस्त. त्याने मला सांगायला हवं होतं. मी काय त्याचे हात पाहून हसलो असतो?" मग म्हणाले, "तुम्ही केला. तुमच्यासारखाच करा." आणि गेले. जाताना भावाला म्हणाले, "बाहेर ती तबकडी पडली आहे, पाय लागेल तुझा." बस, एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी आणखी एक मच्छीमार येऊन गेला. अजून गर्दी नाही, पण लेथ रिकामा फिरवावा लागत नाही.

यांच्यावर मी रागावले होते, तुमच्यावरही. आता दोघांवरचाही राग टिकत नाही. दोघांनी एकच केलं, आणि दोघंही त्यात एकटे पडले. तिसरी मी होते, पण माझ्या हाताला निदान काम होतं.

काय तोंडाने येऊ म्हणता. तोंडाचं मी बघते. गल्लीत मी सांगून टाकलंय की शाझली पॅकिंगमध्ये आहे आणि त्याने सहा आठवडे उभं राहून माझ्यासाठी चक निवडला. जाळीवाला म्हणाला, "फोरमनला कोण सहा आठवडे उभं राहू देईल?" पुढे कोणी काही विचारलं नाही.

वरची खोली झाडून ठेवली आहे. ट्यूनिसहून सकाळची गाडी धरा, दुपारी इथे पोहोचते. मी स्टेशनवर येणार नाही. तो आठवडाभर रईसांच्या धाकट्या भावाचा शाफ्ट चकमध्ये धरलेला असेल, आणि काम अर्ध्यावर टाकून कुठे जाता येत नाही. सरळ वर्कशॉपला या. शटर वर असेल.

मबरूका